रखमाबाई : एका नकाराचा खटला

तारीख ४ मार्च १८८७. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी बावीस वर्षांच्या एका स्त्रीला हुकूम दिला, की तिने महिनाभरात नवऱ्याच्या घरी नांदायला जावे. न गेल्यास सहा महिने तुरुंगात जाण्याची तयारी ठेवावी. अशा हुकमापुढे कोणतीही कुलीन स्त्री मान तुकवील, अशीच साऱ्यांची अपेक्षा होती. रखमाबाईंनी तुरुंगाचा पर्याय स्वीकारला. नवऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडण्यापेक्षा कायद्याने देता येईल ती कमाल शिक्षा आपण भोगू, असे त्यांनी निक्षून सांगितले.

या एका वाक्याने मुंबई-पुण्यातील वृत्तपत्रे ढवळून निघाली, विलायतेत पत्रव्यवहार झडले आणि धर्मशास्त्र, इंग्रजी कायदा व वैद्यकशास्त्र ही तिन्ही एकाच दाव्यात समोरासमोर उभी ठाकली. दाव्याचे नाव होते दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई. वरवर पाहता तो नवरा-बायकोचा तंटा होता. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र फार खोल होता. अकरा वर्षांच्या मुलीच्या वतीने वडीलधाऱ्यांनी दिलेला शब्द त्या मुलीच्या देहावर आणि आयुष्यावर कायमचा बंधनकारक असतो काय?

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार जातीतील एका सुस्थित कुटुंबात झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. आईचे लग्न चौदाव्या वर्षी झालेले, पंधराव्या वर्षी पदरात मूल आणि सतराव्या वर्षी वैधव्य. वडील गेले तेव्हा रखमा जेमतेम अडीच वर्षांची होती. बालविवाहाचे काय परिणाम होतात, हे या मुलीला पुस्तकात शोधावे लागले नाही. ते तिच्या घरातच होते.

सुतार जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती. पतीच्या निधनानंतर काही वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. तत्पूर्वी पहिल्या पतीकडून आलेली सुमारे २५ हजार रुपयांची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. पुढे जे रामायण घडले, त्यात या मालमत्तेचाही वाटा होता.

डॉ. सखाराम अर्जुन हे त्या पिढीतील एक विलक्षण गृहस्थ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. औषधी वनस्पतींचा त्यांचा व्यासंग मोठा होता. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत त्यांचे नाव आहे. समाजसुधारकांत त्यांची ऊठबस होती. अशा घरात रखमा वाढली. तरीही अकराव्या वर्षी तिचे लग्न लावण्यात आलेच. सुधारकाच्या घरालाही जातीतले रिवाज, आजोबांचा शब्द आणि चार लोकांची तोंडे यांचा धाक असे.

वर होता दादाजी भिकाजी, वय १९, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला. घरची स्थिती बेताची. लग्नाची बोलणी नेहमीच्या रीतीपेक्षा निराळी झाली होती. मुलगी सासरी जाणार नव्हती. जावयानेच सासऱ्यांच्या आश्रयाने राहून शिकावे, मार्गी लागावे, असे ठरले होते. मुलीचे माहेर सुटू नये आणि जावयाला चांगले वळण लागावे, हा हेतू त्यामागे दिसतो.

लग्नानंतर सात-आठ महिन्यांत रखमाला नहाण आले. रूढीनुसार आता गर्भाधानविधी व्हायचा आणि पती-पत्नीचा संसार सुरू व्हायचा. शास्त्रीपंडितांच्या मते हा विधी टाळणे म्हणजे पाप. येथे डॉ. सखाराम अर्जुन यांच्यातील वैद्य जागा झाला. ऋतुप्राप्ती झाली म्हणजे मुलीचा देह मातृत्वाला समर्थ झाला असे होत नाही, हे ते व्यवसायाने जाणून होते. कोवळ्या वयातील बाळंतपणात माता आणि अर्भके कशी दगावतात, हे त्या काळच्या कोणत्याही डॉक्टरला उघड्या डोळ्यांनी दिसत असे. त्यांनी गर्भाधानाला परवानगी नाकारली.

लग्न रोखण्याचे धैर्य त्यांना झाले नव्हते. परंतु लग्नातून मुलीच्या शरीराला होणारी इजा त्यांनी रोखली. हा निर्णय कोणत्याही न्यायालयात तपासला गेला नाही, त्यावर कोणाची साक्ष झाली नाही. पण पुढे चार वर्षे चाललेल्या साऱ्या न्यायालयीन झुंजीचे बीज या घरगुती नकारात आहे. धर्माने सांगितलेला विधी आणि मुलीचे हित यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा एका पित्याने, तोही सावत्र, डॉक्टर या नात्याने मुलीची बाजू घेतली.

दादाजीला हे रुचले नाही. विसाव्या वर्षी शाळेच्या बाकावर बसणेही त्याला जाचू लागले. आईच्या निधनानंतर तो मामा नारायण धर्माजी यांच्या घरी राहू लागला. सासऱ्यांचा सल्ला त्याने मानला नाही. त्या घरचे वातावरण चांगले नव्हते. मामाने रखेल घरातच आणून ठेवली होती आणि त्याच्या पत्नीने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. दादाजीचे शिक्षण सुटले, कर्ज वाढले. मध्यंतरी क्षयाने तो दीर्घकाळ अंथरुणाला खिळला. बायको घरी आली तर तिच्या पैशाने कर्जाचा भार हलका होईल, हाही हिशेब होताच. बाराव्या वर्षी रखमाने त्या घरी जायला नकार दिला आणि डॉ. सखाराम अर्जुन तिच्या पाठीशी उभे राहिले.

लग्नानंतर रखमाची शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून तिने घरीच इंग्रजीचा अभ्यास केला. आईसोबत ती प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागली. वडिलांकडे येणारे डॉक्टर, विद्वान आणि सुधारक यांची संभाषणे कानांवर पडत होती. वर्षांमागून वर्षे गेली. अकरा वर्षांची बालवधू विचार करणारी, स्वतःचे मत असणारी तरुणी झाली. आपले लग्न आपल्याला न विचारता झाले, हे तिला आता नीट कळत होते.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने सॉलिसिटरमार्फत डॉ. सखाराम अर्जुन यांना नोटीस पाठविली. आपल्या बायकोला आपल्याकडे येण्यापासून रोखू नये, अशी तिची मागणी होती. आपण कोणालाही रोखलेले नाही, असे उत्तर गेले. मग रखमाबाईंनाच बोलावणे धाडण्यात आले. त्यांनी नकार कळविला आणि त्याची कारणेही दिली. त्यानंतर दादाजीने उच्च न्यायालयात दावा लावला.

दावा होता वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा. साध्या शब्दांत सांगायचे तर, नवऱ्याला सोडून राहिलेल्या बायकोला नांदायला पाठवावे, असा. या दाव्याची कुळकथा मोठी मासलेवाईक आहे. मनुस्मृतीत किंवा मिताक्षरेत असा दावा सांगितलेला नाही. तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांत जन्मला आणि इंग्रजी राज्याबरोबर हिंदुस्थानात आला. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका मुसलमान दांपत्याच्या प्रकरणात असे दावे येथील दिवाणी न्यायालयांत चालू शकतात असे ठरविले. पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेने हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद केली. गंमत अशी, की ज्या वर्षी दादाजीने दावा लावला, त्याच १८८४ मध्ये इंग्लंडने आपल्या नागरिकांसाठी या कारणास्तव होणारा तुरुंगवास रद्द केला. इंग्रज स्त्रीला जी सुटका मिळाली ती मुंबईच्या स्त्रीला मिळाली नाही.

खटला उभा राहण्यापूर्वीच घरावर आघात झाला. १६ एप्रिल १८८५ रोजी डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. ज्या माणसाच्या वैद्यकीय विवेकाने रखमाबाईंचे बालपण वाचविले होते, तो ऐन लढाईच्या तोंडाशी नाहीसा झाला. आता आई आणि मुलगी अशा दोघी स्त्रियाच उरल्या. याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'ए हिंदू लेडी' या टोपणनावाने दोन पत्रे प्रसिद्ध झाली. जूनमधील पत्र बालविवाहावर आणि सप्टेंबरमधील सक्तीच्या वैधव्यावर. लहानपणी लग्न झालेल्या मुलीचे शिक्षण, आरोग्य आणि मन कसे खुरटते, याचे अनुभवातून आलेले वर्णन त्यांत होते. ही हिंदू स्त्री म्हणजे रखमाबाईच, हे पुढे उघड झाले.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांच्यासमोर दावा चालला. रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारखा संस्कृतचा आणि धर्मशास्त्राचा गाढा पंडित होता. बचावाचे मुद्दे अनेक होते. दादाजीची पोसण्याची ऐपत नाही, त्याची प्रकृती रोगग्रस्त आहे, तो ज्याच्या घरी राहतो त्या मामाचे आचरण स्त्रीने तेथे राहावे असे नाही. त्यांतील एक मुद्दा मात्र त्या काळी अश्रुतपूर्व होता. लग्न झाले तेव्हा प्रतिवादी अजाण होती आणि त्या लग्नाला तिची स्वतःची संमती कधीच नव्हती.

२१ सप्टेंबर रोजी पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे असे, की या दोघांत संसार कधी सुरूच झाला नाही. मग तो पुन्हा सुरू करण्याचा हुकूम कसा द्यायचा? ज्या पुरुषाविषयी तिटकारा आहे त्याच्याकडे एका तरुण स्त्रीला बळाने पोचविणे त्यांना क्रौर्याचे वाटले. इंग्रजी कायद्यातील हा उपाय जाणत्या वयात, स्वतःच्या मर्जीने लग्न केलेल्यांसाठी आहे, आणि हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, असे त्यांनी नमूद केले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या या न्यायाधीशाने एका निकालाने मोठे वादळ उठविले.

सनातनी मंडळींना हा निकाल म्हणजे हिंदू विवाहसंस्थेवरचा घाला वाटला. विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे; त्यात वधूच्या संमतीचा प्रश्नच येत नाही, ही त्यांची भूमिका. 'नेटिव्ह ओपिनियन'सारखी पत्रे दादाजीच्या बाजूने उभी राहिली. लोकमान्य टिळकांचा रोखही रखमाबाईंच्या विरोधात होता. परक्या न्यायाधीशाला हिंदू कायद्याचे मर्म कळलेले नाही आणि सुधारणा अशा जबरदस्तीने लादता येत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. इंग्रजी शिकलेल्या बायका नवऱ्याला जुमानीत नाहीत याचा पुरावा म्हणून रखमाबाईंचे नाव घेतले जाऊ लागले. स्त्रीशिक्षणाच्या विरोधकांच्या हाती हे आयते कोलीत मिळाले.

दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी होते. बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील त्यांची टिपणे १८८४ मध्येच गाजली होती. त्यांच्या पुढाकाराने रखमाबाईंच्या साहाय्यासाठी समिती स्थापन झाली. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाची दखल घेतली. प्राच्यविद्यापंडित मॅक्स म्युलर यांनी विलायतेतून रखमाबाईंची बाजू मांडली. पुण्यात सुधारणेचा प्रश्न टिळक आणि आगरकर यांच्यातील दरी रुंदावीत होता. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केला. त्या वैचारिक फाटाफुटीच्या काळाची पार्श्वभूमी या खटल्याला होती.

या वादातील विसंगती आज अधिक ठळकपणे जाणवते. परकीय सत्तेने धर्मात हात घालू नये, असे म्हणणारेच ख्रिस्ती धर्मन्यायालयातून आलेल्या इंग्रजी उपायाचा आग्रह धरीत होते. धर्मशास्त्राने जे दंडविधान सांगितले नव्हते ते इंग्रजी तुरुंगाकडून पुरे करून घेण्याची त्यांची तयारी होती. इंग्रजी सरकारलाही रयतेच्या धार्मिक भावना दुखावण्याची भीती असल्याने ते जपून पावले टाकीत होते. साऱ्या गदारोळात खुद्द मुलीला काय हवे, हा प्रश्न मागे पडला होता.

दादाजीने अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल रद्द ठरवून दावा पुन्हा सुनावणीसाठी पाठविला. हिंदू कायद्याप्रमाणे विवाह पूर्ण झालेला आहे, सबब दावा चालू शकतो, असे त्यांचे मत पडले. त्यातूनच फॅरन यांचा मार्च १८८७ चा हुकूम आला. कायद्याच्या चौकटीत न्यायमूर्तींना दुसरी वाट दिसली नाही. पण त्या चौकटीत न मावणारे उत्तर रखमाबाईंनी दिले आणि चौकटच उघडी पडली. पतीकडे न जाणाऱ्या स्त्रीला चोर-दरोडेखोरांप्रमाणे कोंडायचे काय, असा पेच सरकारपुढे उभा राहिला.

प्रत्यक्षात तुरुंगाची वेळ आली नाही. रखमाबाईंच्या बाजूने पुढील अपिलाची तयारी सुरू झाली. खर्च आणि काळ दोन्ही वाढू लागले. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हुकूमनामा बजावण्याचा हक्क सोडला. राणी व्हिक्टोरियाने हस्तक्षेप करून हा विवाह रद्द केला, अशी कथा पुढे फार फिरली. वस्तुतः प्रकरण मिटले ते या तडजोडीने. म्हणजे विवाह कोणी रद्द केला नाही, कायदाही बदलला नाही. एका स्त्रीची सुटका झाली, तीही पैसे मोजून. दादाजीने पुढच्याच वर्षी दुसरे लग्न केले. रखमाबाईंना ती मुभा नव्हती आणि त्यांनी ती कधी मागितलीही नाही.

खटला संपला तेव्हा रखमाबाई २३ वर्षांच्या होत्या. नाव सर्वदूर पोचले होते, पण आयुष्याचे काय करायचे हा प्रश्न समोर होता. डॉक्टर व्हायचे, असे त्यांनी ठरविले. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उत्तेजन दिले. एडिंबरो विद्यापीठात स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे म्हणून झगडलेल्या सात जणींपैकी त्या एक होत्या. दारे बंद होण्याचा अनुभव त्यांनाही होता. निधी उभा राहिला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. १८८९ मध्ये रखमाबाई बोटीने इंग्लंडला निघाल्या. तेथे मॅकलॅरन दांपत्याने त्यांना आधार दिला आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत त्यांचे शिक्षण सुरू झाले.

त्या लंडनमध्ये शिकत असताना, १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची मुलगी दगावली. वय दहा-अकरा वर्षे. पस्तिशीच्या आसपासच्या नवऱ्याने केलेल्या संभोगात झालेल्या जखमेमुळे ती गेली. त्या वेळच्या दंडसंहितेत पत्नीच्या बाबतीत वयाची मर्यादा होती दहा वर्षे. मुलीने ती ओलांडली असल्याने नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा ठरू शकला नाही. निष्काळजीपणे दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. चौदा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका घरात डॉ. सखाराम अर्जुन यांनी जे टाळले होते ते काय होते, याचे भीषण उत्तर कलकत्त्याच्या न्यायालयात वैद्यकीय साक्षीतून मिळाले.

फुलमणीचा मृत्यू, हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी सरकारकडे मांडलेली गाऱ्हाणी, मलबारींची विलायतेतील खटपट आणि रखमाबाईंच्या खटल्याची ताजी आठवण यांतून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. दहाची मर्यादा बारा झाली. तेवढ्यासाठीही रणकंदन माजले. गर्भाधान हा धर्मविधी असल्याने सरकारने त्यात पडू नये म्हणून टिळकांनी विरोध केला. रानडे, तेलंग, भांडारकर यांनी पाठिंबा दिला. भांडारकरांनी तर शास्त्रांच्याच आधारे शास्त्रींना उत्तर दिले. खटल्याने जे घडवून आणले नाही, त्याची वाट खटल्याने मोकळी केली होती.

एडिंबरो, ग्लासगो आणि ब्रुसेल्स येथील परीक्षा देऊन १८९४ मध्ये डॉ. रखमाबाई मायदेशी परतल्या. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेऊन आल्या खऱ्या, पण पुढच्याच वर्षी, प्रत्यक्ष व्यवसाय सुरू होण्यापूर्वी, त्यांचा अंत झाला. बंगालमध्ये कादंबिनी गांगुली रुग्णसेवा करीत होत्या. हिंदुस्थानात प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या पहिल्या मोजक्या स्त्री डॉक्टरांत रखमाबाईंचे स्थान आहे. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे देह दाखविण्यापेक्षा मरण पत्करतात, हे त्या जाणून होत्या. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर, हा त्यांच्या दृष्टीने सोयीचा प्रश्न नव्हता, जगण्या-मरण्याचा होता.

कामा रुग्णालयात थोडा काळ काढून १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. वर्ष-दोन वर्षांतच प्लेगची साथ आली. लोक घरे सोडून पळत होते, रुग्ण लपविले जात होते, सरकारी उपायांविषयी दहशत होती. त्या काळातील कामाबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. पुढे दोन दशके सुरत हेच त्यांचे घर झाले. १९१८ मध्ये विमेन्स मेडिकल सर्व्हिसमधील पद नाकारून त्यांनी राजकोटच्या जनाना रुग्णालयाची धुरा घेतली. निवृत्तीपर्यंत त्या तेथेच राहिल्या. राजकोटमध्ये रेडक्रॉसचे कामही त्यांनी उभे केले. सुमारे ३५ वर्षांच्या या सेवेत किती पोरवयाच्या बाळंतिणी त्यांच्या हातांखालून गेल्या असतील, याची गणती कोण करणार? ज्या वयात त्यांना सासरी धाडण्याचा आग्रह झाला होता, त्याच वयाच्या मुली त्यांच्यासमोर वेणा देत होत्या.

त्यांच्या चरित्रातील एक तपशील अभ्यासकांना आजही कोड्यात टाकतो. १९०४ मध्ये दादाजीचे निधन झाले. ज्याच्याबरोबर एक दिवसही संसार केला नाही, ज्याच्याकडे न जाण्यासाठी तुरुंग पत्करायची तयारी ठेवली, त्याच्या मृत्यूनंतर रखमाबाईंनी विधवेप्रमाणे पांढरे वस्त्र धारण केले. कोणी त्याला संस्काराचा पगडा म्हणेल, कोणी ज्या रुग्णांमध्ये काम करायचे त्यांच्या रीतीला दिलेला मान म्हणेल. एक गोष्ट मात्र खरी. कायद्याने तो विवाह शेवटपर्यंत अस्तित्वात होता. न्यायालयाने ज्याचा निकाल लावला नाही, तो धागा मृत्यूनेच तुटला. बंडखोर म्हणून गाजलेली ही स्त्री धर्म सोडून गेली नव्हती. आपल्या देहावर दुसऱ्याचा हुकूम चालणार नाही, एवढेच तिचे म्हणणे होते.

निवृत्तीनंतर त्या मुंबईत परतल्या. पडद्याच्या चालीविरुद्ध त्यांनी लिहिले. वय वाढले तरी स्त्रियांच्या प्रश्नांतले लक्ष उडाले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी स्वतंत्र भारताच्या संसदेने हिंदू विवाह कायदा केला होता. घटस्फोटाचा हक्क हिंदू स्त्रीला मिळाला. मात्र याच कायद्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा तो जुना इंग्रजी उपायही कायम राहिला. हुकूम मोडल्यास तुरुंगवास ही तरतूद १९२३ मध्येच गेली होती. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले.

रखमाबाईंचा मूळ मुद्दा, म्हणजे अजाण वयात लावलेले लग्न मोठेपणी नाकारण्याचा हक्क, कायद्यात यायला त्याहून अधिक काळ लागला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. पण झालेले लग्न वैधच राहत असे. १९७६ च्या दुरुस्तीने, पंधरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या हिंदू मुलीला अठराव्या वर्षापूर्वी ते नाकारून घटस्फोट मागण्याची सोय झाली. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने, बालपणी लग्न झालेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते लग्न रद्द करून घेण्याचा हक्क दिला. पिन्ही यांच्या निकालानंतर १२१ वर्षांनी. आणि अठरा वर्षांखालील पत्नीशी केलेला शरीरसंबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले ते ऑक्टोबर २०१७ मध्ये.

कायद्याचा हा प्रवास सर्वत्र एकाच वेगाने झाला नाही. मुंबईत हा खटला गाजत होता तेव्हा औसा, लातूर, नांदेड हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल तेथे चालत नव्हता. १८९१ चा कायदा आणि शारदा कायदा हे ब्रिटिश हिंदुस्थानापुरतेच होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि त्यानंतर या भागातील मुलींपर्यंत देशाचा कायदा पोचला. आज औशातल्या मुलीला आणि मुंबईतल्या मुलीला कायदा एकच आहे. महाराष्ट्राच्या २००८ च्या नियमांनी खेड्यात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर टाकली.

तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांनी आपले लग्न अठराच्या आत झाल्याचे सांगितले. मराठवाड्यात दुष्काळ, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर आणि वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे ही चिंता यांनी आईबापांचा हात घाईने लग्नाकडे वळतो. कारणे १८७० च्या दशकातील नाहीत. मुलीचे वय मात्र फारसे बदललेले नाही. अशा घरातील मुलगी तपासणीसाठी दवाखान्यात येते, तेव्हा तिचे वय विचारणाऱ्या डॉक्टरपुढे आणि परिचारिकेपुढे तोच प्रश्न उभा राहतो, जो एकदा डॉ. सखाराम अर्जुन यांच्यापुढे उभा राहिला होता : घरच्यांचा शब्द राखायचा, की मुलीचे हित?

रखमाबाईंचे नाव मधली बरीच वर्षे विस्मरणात गेले होते. मोहिनी वर्दे यांनी मराठीत लिहिलेले चरित्र, इतिहासकारांनी खटल्याच्या कागदपत्रांचा घेतलेला धांडोळा आणि अनंत महादेवन यांचा चित्रपट यांमुळे त्यांची ओळख नव्या पिढीला झाली. पुष्कळदा ती पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, एवढ्यावरच थांबते. पण डॉक्टर होण्याच्या आधी, हाती कोणतीही पदवी नसताना, या स्त्रीने न्यायासनापुढे एक साधी गोष्ट सांगितली होती. मुलगी लहान असताना तिच्या वतीने इतरांनी दिलेला होकार हा तिचा होकार नव्हे. न्यायालयाने तेव्हा ते मान्य केले नाही. ज्या दिवशी कोणत्याही गावातील मुलीला हे सांगण्यासाठी तुरुंगाची, समितीची किंवा दोन हजार रुपयांची गरज पडणार नाही, त्या दिवशी हा खटला खऱ्या अर्थाने निकाली निघेल.